जिपेचं गाऱ्हाणं

"पाय काढ आता!" मागच्या बाकाखाली पालथा पडून जिपेच्या पत्र्याला कान लावलेला मॅन्युएल ओरडला.

दाजीने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. शिरोड्याच्या उतारावर जीप सुटली आणि मागून तो आवाज आला. घूंऽऽ. महिनाभर दाजीचा जीव खाणारा, जेवताना ताटावरही घुमणारा आवाज.

"न्यूट्रल कर."

दाजीने केली. आवाज तसाच. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. आवाजात काडीचा फरक नाही.

"म्हणजे गिअर नाय, चाकाचा बेअरिंगय नाय," मॅन्युएल धूळ झटकत उठला. "पाय देतंस तेव्हा कमी, काढतंस तेव्हा वाढता. डिफरन्शियल गेलो. चल, खोलून बघूया."

फणसाखालच्या त्याच्या गॅरेजात मॅन्युएल जिपेखाली सरकला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा तो गोल डबा असतो, त्याचा तळचा बोल्ट त्याने सोडला. काळंभोर, दाट तेल पडायला हवं होतं. पडलं ते नासलेल्या चहासारखं, फिकट, पचपचीत काहीतरी, आणि त्यात चमचमणारी रेती. दाजीने बोट बुडवून जिभेवर टेकवलं आणि तिथेच थुंकला.

"खारा! आवशीचो घो! दर्याचा पाणी ह्या!"

"गरम गाडी पाण्यात घातल्यार ती पाणी आत ओढून घेता," मॅन्युएल म्हणाला. "पण घातल्यान कोणी? तू?"

 दाजीच्या तोंडातली ती खारट, तेलकट चव जाईना. पुन्हा थुंकला, चूळ भरली, तरी जाईना.

घालणारा कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. जीप प्रितमची. त्याच्या बापाच्या काळापासून दाजी तिच्यावर ड्रायव्हर. मासळीवाल्या बायकांना पाटीसकट सावंतवाडीच्या बाजारात नेणं हा त्याचा जन्माचा धंदा. बाप गेला आणि प्रितमने जाळी-होड्या विकून पर्यटकांना पॅराशूटला बांधून पाण्यावर उडवायची बोट घेतली. दुपारी दाजी चावी खुंटीला लावून घरी गेला की हा दिवटा ती बोट ओढायला जीप उलटी समुद्रात घालत होता. आणि वर गावभर सांगत सुटला होता, म्हातारो झालो दाजी, क्लच घासता, गाडी खाल्ल्यान!

दाजी तडक त्याच्याकडे गेला. प्रितम मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

"गाडी दर्यात घातलंस?"

"मगे? बोट काय खांद्यार घेऊन काढूची?"

"आणि नाव माझा घेतलंस?"

"सोडा ओ दाजीनू," प्रितमने मान वर केली नाही. "विकूचीच आसा ती. आरोंद्याचो दत्ताराम येतलो आयतवारी. शाळेची पोरां नेवूक होयी तेका. तुमी फक्त गाऱ्हाणा घाला. नवी गाडी इली की ड्रायवर तुमीच."

दाजीला शिसारी आली. त्या वाडीत होडी विकली जावो की गाडी, दाजीने राखणदार देवचाराच्या दगडापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय व्यवहार व्हायचा नाही. नारळ ठेवून देवाला हाक मारणारा दाजी खोटं वदणार नाही, असं पंचक्रोशी धरून चालत होती. प्रितमला नेमकं तेच वापरायचं होतं. समुद्र वापरला, जीप वापरली, आता दाजीचं तोंड.

आणि दाजीला स्वतःचीही किळस वाटली, कारण नव्या गाडीचं ऐकून त्याच्या मनात क्षणभर हो आलं होतं. ह्या वयात दुसरं कोण त्याच्या हातात गाडी देणार?

डब्यात लाकडाचा भुसा भरून आवाज मारायला प्रितमने सांगितलं, पण मॅन्युएलने साफ नकार दिला. "उताराक डब्यातला बेअरिंग फुटला तर चाकां जाम होतली. पोरां बसतली तिच्यात!" प्रितमने जीप दुसऱ्या कुणाकडे तरी नेली. परत आली तेव्हा ती मुकी झाली होती. दाजीने तिला एकदा उतारावरून नेलं. पाय काढला. काही नाही. तो गप्पपणा त्या आवाजाहून घाणेरडा होता.

रविवारी सकाळी तिठ्यावर, देवचाराच्या दगडापाशी दहा-बारा माणसं जमली. दत्ताराम नवा सदरा घालून आला होता. जिपेच्या बॉनेटवरून सारखा हात फिरवत होता. "दाजीनू, तुमी चालवलेली गाडी म्हणान बघूकसुद्धा नाय मी," तो म्हणाला. प्रितम हसला.

दाजीने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात साथ दिली. लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट. गाऱ्हाणं घालणारा बोलतो, बाकीचे होकार देतात. शब्दांकडे कोण लक्ष देतो?

"आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरां इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"हो दत्ताराम आरोंद्यासून इलो आसा. ही जीप घेता आसा."

"व्हय म्हाराजा!"

"ही जीप खाऱ्या पाण्यात बुडयलेली आसा."

"व्हय म्हाराजा!" त्यात प्रितमचाही आवाज होता.

"तिच्या पोटात भुसो भरून तिचो आवाज मारलेलो आसा."

"व्हय म्हा..." साथ मध्येच तुटली. दत्तारामचा हात बॉनेटवरून खाली आला.

"पोरां घेऊन ती उताराक लागात तेव्हा काय होयत ता तुका म्हायत आसा, माका म्हायत आसा," दाजी एकट्यानेच पुढे म्हणाला, "आणि तिच्या मालकाक म्हायत आसा. ह्येच्या पुढे माझ्या तोंडान काय वदवू नको, म्हाराजा."

कुणी व्हय म्हटलं नाही.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" प्रितम किंचाळला. दाजीने चावी काढली आणि बॉनेटवर ठेवली. हातात द्यायची त्याला इच्छा नव्हती. दत्ताराम जीप न घेताच आरोंद्याच्या वाटेला लागला.

सोमवारी दाजी सावंतवाडीला कामाच्या शोधात निघाला. रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आयुष्यभर लोकांनी त्याच्या गाडीला हात केला होता. स्वतः गाडीला हात करायची वेळ कधी आलीच नव्हती. एसटी आली. हात वर जाईना. ड्रायव्हरने त्याला ओळखलं, गाडीवाल्याने गाडीवाल्याला द्यावा तसा आखूड हॉर्न दिला आणि न थांबता पुढे गेला.

दाजीने नेहमीसारखी मान हलवली. दुसरी गाडी तासाभराने होती.