थर्माकोलचा दिवाण-ए-खास

मित्रांनो, मी एक जुना बादशाही महाल आहे. हसू नका! अंग थर्माकोलचे असले तरी माझे घराणे दिल्लीच्या लाल किल्ल्यातले आहे.

माझा जन्म १९७८ साली बहारीनमध्ये झाला. पुण्याचे इंजिनिअर सदानंदराव तिथल्या तुबली गावातल्या एका वर्कशॉपात कामाला होते. एअरकंडिशनरच्या खोक्यांतले थर्माकोल गोळा करून त्यांनी ईसा टाउनच्या घरी गणपतीचे मखर करायला घेतले. साधेसुधे नव्हे, हुबेहूब दिवाण-ए-खास! महिनाभर त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कमानी कोरता कोरता ते मला माझ्या पूर्वजाचा इतिहास सांगत. शहाजहानने तो संगमरवरात बांधला आणि मयूरासनावर बसून दरबार भरवला. पुढे नादिरशहाने ते आसन पळवले. छताची चांदी तर पानिपताच्या आधी आपल्याच मराठ्यांनी उतरवली.

"आपण नेली, आपणच परत करायची," असे म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली फॉईलची अख्खी गुंडाळी माझ्या छताला चिकटवली.

"आणि उद्या डब्यात पोळ्या कशात बांधू? इतिहासात?" त्यांच्या पत्नी स्मिताबाईंनी विचारले.

मी मात्र फुलून गेलो होतो. पूर्वजाचे आसन गेले ते गेलेच, पण माझ्या आत साक्षात गणराय बसणार होते!

चतुर्थीला मूर्ती आणली आणि सगळ्यांचे चेहरे पडले. सदानंदरावांनी मूर्ती मोजली होती, चौरंग मोजलाच नव्हता. मुकुट कमानीला अडला.

"कमान कापा," स्मिताबाई म्हणाल्या.

"शहाजहानच्या कमानीला कात्री? अजिबात नाही!"

"मग आरतीही शहाजहानचीच करा."

शेवटी बाप्पा माझ्या दाराबाहेर बसले. येणाराजाणारा माझी तोंड भरून स्तुती करत होता, पण आतून मी रिकामाच राहिलो. मला फार वाईट वाटले.

विसर्जनानंतर माझी रवानगी कचराकुंडीशेजारी झाली. तिथून मला उचलले शेजारच्या ऑगस्टीन यांनी. ते वसईचे. "नाताळच्या गोठ्यामागे हेरोदचा राजवाडा पाहिजेच होता," ते खुशीत म्हणाले. हेरोद म्हणजे बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा. एवढ्या मोठ्या घराण्यात जन्मून मी एका खुन्याचे घर झालो!

नाताळच्या आदल्या दुपारी पाऊस कोसळला. इथली छपरे पावसासाठी बांधलेलीच नसतात. नेमकी आमच्यावरच धार लागली. खजुराच्या झावळ्यांचा गोठा भिजून बसला, गवताचा लगदा झाला. माझ्या आत मात्र थेंब नाही. फॉईलने सगळे पाणी अडवले होते.

ऑगस्टीन यांची बायको बेनिटा हिने बाळाची मूर्ती उचलली आणि ती माझ्याकडे वळली. तशी त्यांची इंग्रजी शाळेतली मुलगी डोरोथी किंचाळली, "नो मम्मी! हेरोद विल किल हिम!"

"हेरोद गेला दोन महिने लीव्हवर," बेनिटा म्हणाली. "फ्लॅट रिकामा आहे त्याचा. यल्ला, चल लवकर, टॉवेल आण!"

टॉवेलची घडी घातली गेली आणि त्यावर बाळ निजले. पाठोपाठ मेरी, जोसेफ आणि गाढवही आले. बादशाही दरबारात गाढव! पण मी त्यालाही आत घेतले. संध्याकाळी केक खायला आलेले सदानंदराव वाकून बघतच राहिले. "स्मिता, अगं, मापात बसलं!" असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, आज मी ऑगस्टीन यांच्या कपाटावर असतो. माझा एक खांब सेलोटेपवर उभा आहे. तुम्ही मखर कराल तेव्हा चौरंग जरूर मोजा. आणि जुने काही टाकण्याआधी आत एकदा डोकावून बघा. मयूरासनाचे मला आता काही वाटत नाही. टॉवेलची ती घडी अजून माझ्या आत आहे.