फेलेतीचे पुढचे दात

नवऱ्याची, फेलेतीची, तहान कालोलाइनेला बघवत नसे. त्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या; मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातले तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास काढायचा. मशीन रक्त धुऊन परत द्यायचं. मधल्या दिवसांत मात्र पाणी मोजून प्यायचं, चहा आणि सूप धरून जेमतेम लिटरभर. ऑकलंडला येण्याआधी, टोंगा बेटांवर असताना हाच माणूस शेताच्या बांधावर बसून एकामागून एक नारळ रिकामे करायचा. आता दुपार कलली की त्याची जीभ टाळूला चिकटायची, ओठ फुटायचे, बोलताना शब्द अडखळायचे.

त्यावर कालोलाइनेनं आपल्या परीनं उपाय शोधला होता. लिंबाच्या आंबटगोड गोळ्या. एक तोंडात धरली की लाळ सुटते, घसा ओला होतो. मग गाडीत गोळ्या, सदऱ्याच्या खिशात गोळ्या, उशाशी गोळ्या. कित्येकदा तो गालात गोळी धरूनच झोपी जायचा, आणि नवऱ्याला झोप लागली या समाधानात तीही डोळे मिटायची. असं दोन वर्षं चाललं. डायलिसिसच्या केंद्रात त्याचं वजन बघत, रक्तदाब बघत, हाताची शीर बघत, पावलंसुद्धा बघत. तोंडात कुणी डोकावलं नाही. त्याच्या श्वासाला उग्र वास यायला लागला तेव्हा तो किडनीच्या दुखण्याचाच असणार, असं तिनं धरून चाललं.

फेलेतीला तीन वर्षांनी मोठी बहीण होती, लेसिएली. ती टोंगातल्याच वावाऊ बेटावर राहायची. टोंगाच्या रीतीप्रमाणे बहिणीचा मान मोठा, आणि वयात आल्यावर भावाबहिणीनं एकमेकांशी थट्टा करायची नाही, एका खोलीत रेंगाळायचं नाही, अंगाबद्दल तर अवाक्षर काढायचं नाही. त्यामुळे तिनं फोन केला तो भावजयीला.

"माझ्याकडे दोन आहेत," लेसिएली म्हणाली. "त्यातली एक त्याची. त्याला विचारू नकोस, सांग."

तपासण्या झाल्या, किडनी जुळली. फेब्रुवारीत लेसिएली ऑकलंडला आली आणि मांगेरीत, त्यांच्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून चुलतभावाकडे उतरली. ती दारात आली की फेलेती मान खाली घालून परसात जायचा. तिनं आणलेले सुरण तो पोटभर खायचा नाही, डॉक्टरांनी मनाई केली होती, पण शिजताना वास घेत उभा राहायचा.

सगळ्या कागदांवर सह्या झाल्या आणि शेवटचा एक कागद उरला, दातांच्या डॉक्टरांचा. त्यांनी फोटो काढले आणि बराच वेळ ते बघत बसले. सात दातांच्या मुळाशी पू होता. वरचे पुढचे चार त्यातच. नवी किडनी बसवली की शरीराची लढायची ताकद औषधांनी मुद्दाम कमी करतात, तेव्हा तोंडात असली घाण ठेवून शस्त्रक्रिया होणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. डायलिसिस नसलेल्या दिवशी, रक्त पातळ करणारं औषध उतरलं की दात काढू. आणि या गोळ्या आजपासून बंद.

त्या वेळी कालोलाइने खुर्चीच्या मागं उभी होती. गोळ्या कोण देतं, हे फेलेतीनं सांगितलं नाही.

त्यानं एवढंच विचारलं, "मग ट्रम्पेट?"

कवळी बसवून थोडंफार जमेल, पण पूर्वीसारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

चर्चच्या बँडमध्ये फेलेती सोळाव्या वर्षापासून वाजवत होता. नोकरी गेली होती, रग्बी सुटली होती, बसचं स्टिअरिंग हातातून गेलं होतं. रविवारी पांढरा कोट चढवून तो उभा राहिला की अजूनही पोरं त्याच्याकडे वळून बघत. दोघं घरी आले. दार उघडताना म्हणाला, "मे महिन्यातला चर्चमधला मुलांचा रविवार होऊ दे, लाइने. मग सगळे काढा म्हणावं. ताईला मात्र बोलू नकोस."

सहा आठवड्यांचा तर प्रश्न होता. कालोलाइनेनं दातांची तारीख पुढं ढकलली आणि नणंदेला सांगितलं की हॉस्पिटलच उशीर करतंय.  लेसिएलीनं परतीचं तिकीट बदललं.

त्या रविवारी फेलेतीनं वाजवलं. ओठ सुजला होता, वाजवून झाल्यावर रुमालाला रक्त लागलं, पण सूर कुठं तुटला नाही.

दहाव्या दिवशी मशीनवर असतानाच त्याला थंडी भरून आली. खुर्ची हलावी इतका तो कापत होता. मारिसेल नावाची फिलिपिनो नर्स धावली, रक्ताचे नमुने गेले, रुग्णवाहिका आली. हिरड्यांतले जंतू रक्तात उतरून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. दात तिथं हॉस्पिटलमध्येच काढावे लागले, सातच्या सात. तो वाचला, पण हृदय पार थकलं होतं. आता भूल सोसणार नाही, शस्त्रक्रियेचा विचार सोडा, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं.

ते ऐकून कालोलाइने बाहेर आली. बाकावर लेसिएली मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्यापुढे ती जमिनीवरच बसली आणि मान वर न करता सगळं बोलली. गोळ्या, पू, पुढं ढकललेली तारीख, थाप.

"ताई, मी मारलं त्याला."

 लेसिएली म्हणाली, "त्या रविवारी मी शेवटच्या बाकावर होते. ओठ टिपायला हाताला रुमाल गुंडाळून तो वाजवत होता. मला कळलं काहीतरी आहे ते. पण भावाच्या तोंडाबद्दल बहिणीनं कसं विचारायचं?" तिनं कालोलाइनेच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ. गुडघे दुखतील."

फेलेती घरी आला तो निम्मा होऊन. हिरड्या कच्च्या, जिभेवर पांढरा थर, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा. खाताना डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून खाणंच सुटत चाललं. मारिसेल सुट्टीच्या दिवशी घरी आली आणि तिनं कालोलाइनेला शिकवलं: लहान मुलांचा मऊ ब्रश, उरलेल्या दातांच्या कडेनं हलकेच, मग जीभ, मग ओलं कापड गुंडाळलेलं बोट हिरड्यांवरून, शेवटी ओठांना मलम. दिवसातून चारदा. तहान लागली तर बर्फाचा लहानसा खडा, तोही पाण्याच्या हिशेबात. निघताना ती दाराशी थांबली. म्हणाली, "हे मी दोन वर्षांपूर्वी शिकवायला हवं होतं. आम्ही कुणीच तोंड बघत नव्हतो."

पण फेलेती तोंड उघडेना. पुढचे दात गेल्यावर तो बायकोसमोरही ओठ मिटून बसायचा, भिंतीकडे वळायचा. दोन दिवस कालोलाइने ब्रश हातात धरून पलंगाच्या कडेला बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेसिएली आली. दाराशी चपला काढल्या, आणि जिथं तिनं आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं त्या भावाच्या झोपायच्या खोलीत सरळ आत गेली. फेलेती धडपडत उठायला लागला.

"झोप," ती म्हणाली. "लहानपणी तुला मीच भरवलंय. तोंड उघड."

त्यानं डोळे घट्ट मिटले. मग तोंड उघडलं.

तिनं घाई केली नाही. ब्रश बुडवायचा, झटकायचा, फिरवायचा. कापड बदललं तेव्हा त्यावरचं रक्त तिनं कालोलाइनेला दिसू दिलं नाही. मिटलेल्या डोळ्यांतून त्याचं पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण तेवढा मान त्याचा ठेवायला हवा होता.  त्या दिवशी फेलेतीनं वाटीभर पातळ पेज खाल्ली.

सकाळची पाळी लेसिएलीची, बाकीच्या कालोलाइनेच्या. असे अकरा आठवडे गेले. सप्टेंबरात एका दुपारी, डायलिसिसहून आल्यावर, तो खुर्चीत बसल्याबसल्या गेला. तोंड स्वच्छ होतं. दोघींनी ते पाहिलं, पण त्याचं समाधान वाटण्याइतकं बळ कुणात नव्हतं.

दफनानंतर लेसिएली वावाऊला परतली. विमानतळावर तिनं कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "ही किडनी त्याचीच होती. आता मी उगाच वागवत बसणार." 

महिन्याभरानं मारिसेलचा फोन आला. केंद्रात आता दर महिन्याला प्रत्येकाचं तोंड तपासतात, पण टोंगाची म्हातारी माणसं ओठ घट्ट मिटून बसतात, कुणी त्यांच्या भाषेत बोलणारं हवंय. कालोलाइने नाही म्हणाली. पुढच्या आठवड्यातही नाही म्हणाली. त्या इमारतीचा रस्ता टाळून ती लांबच्या वाटेनं जायची.

तिसऱ्या गुरुवारी ती गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ होते. तिला बघताच त्यांनी तोंडावर पंजा धरला आणि पंजाआडूनच विचारलं, तू कोणाची?

"फेलेतीची बायको," ती म्हणाली.

बँडवाल्या फेलेतीला ते ओळखत होते. हात मात्र त्यांनी काढला नाही. कालोलाइनेनं एक स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. मशीनला अजून साडेतीन तास लागणार होते.