ट्रामची घंटा देऊळघाटात

मी एक जुनी ओतीव घंटा आहे. मित्रांनो, माझी दोरी ओढण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या.

मुंबईत पूर्वी घोडे ट्राम ओढत. मग वीज आली, घोडे गेले, रुळांवरून दुमजली ट्रामगाड्यासुद्धा धावू लागल्या. त्यातल्याच एका गाडीची मी. ड्रायव्हरच्या टाचेखाली माझी कळ असे. त्यानं पाय दाबला की मी ठणठणायची आणि रुळांवरची माणसं बाजूला व्हायची. एवढंच माझं काम, पण त्याचा मला भारी तोरा होता. पुढे बसगाड्या वाढल्या, ट्रामची रस्त्यात अडचण वाटू लागली. एकेक मार्ग बंद होत गेला आणि १९६४ साली शेवटची गाडी धावली.

माझ्या ड्रायव्हरनं, रंगरावांनी, मला भंगारातून मागून घेतलं आणि आपल्या गावी, देऊळघाटला आणलं. बैलगाडीच्या पुढच्या फळीखाली मला कळीसकट ठोकलं. गावात शिरताना ते मला वाजवत आणि धावत येणाऱ्या पोरांना रेवड्या वाटत. पोरं मला कुरवाळत. मी सुखावायची, पण आतून धस्स व्हायचं. जन्मभर मी माणसं दूर केली होती, आणि इथं ती माझ्याकडे धावत होती.

रंगरावांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, ते खुपलं. त्या म्हणाल्या, "घंटा वाजली का माणसानं बाजूले व्हावं. तुम्ही तं पोराईले चाकाकडं बोलावून राह्यले."

रंगरावांनी ते हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर एकदा कापसानं भरलेली गाडी गावाच्या उतारावर आली. नव्या जोडीतला एक बैल बुजला, त्याच्यामागे दुसराही उधळला. कासरा ओढून ते आवरेनात. जुन्या सवयीनं रंगरावांची टाच माझ्या कळीवर पडली, पुन्हा पुन्हा पडली. मी जीव तोडून ओरडले. घराघरांतून पोरं पळत आली, हात पसरून, थेट गाडीसमोर.

तेव्हा रंगरावांना आपली चूक कळली. त्यांनी पाय उचलला आणि सगळं बळ एकवटून कासरा एका अंगाला ओढला. गाडी दगडी बांधावर आदळून उलटली. पोरं वाचली. रंगराव गाडीखाली सापडले आणि जागीच गेले.

अन्नपूर्णाबाईंनी मला गाडीवरून काढून शाळेला देऊन टाकलं. मी आता शाळेच्या ओसरीत, कळीऐवजी दोरी बांधून, टांगलेली असते. मित्रांनो, सावध करणाऱ्या वस्तूचं कधी खेळणं करू नका. तिचा आवाज कशासाठी आहे, ते लहानग्यांना आधी सांगा. मी वाजले की शाळेतली सगळी पोरं अजूनही माझ्याच दिशेनं धावतात. अन्नपूर्णाबाई तेवढ्या, रस्त्यानं जात असल्या तर, रस्ता सोडून बाजूला उभ्या राहतात.