थर्मोकोलचं आदर्श गाव

मी एक जुना शालेय प्रकल्प आहे. नाव 'आदर्श गाव', अंग थर्मोकोलचं, जन्म वणीच्या स्टेशनरी दुकानातला. दुकानदाराने माझ्यावर विहीर, शाळा आणि तीन झाडं चिकटवली. मित्रांनो, तेव्हापासून माझा माणसांच्या हातांवर भरवसा नाही. विश्वास तर पानिपतातच गेला! जो मला उचलतो, तो 'मीच केलं' म्हणतो.

आधी राजकुमार नावाचा पोरगा तसं म्हणाला, पुढच्या वर्षी त्याचा भाऊ संजय. मारेगावकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावरच्या शाळेत वर्षभर थोडंथोडं मूल्यमापन चालतं, त्यात प्रकल्पालाही गुण असतात. किसनसिंग गुरुजी मला लांबूनच बघत, माझ्यावरच्या नावाच्या चिठ्ठीवर सही करत आणि नोंदवहीत लिहीत, 'स्वतः कृती करतो. अ-१.' आयत्या पिठावर रेघोट्या! पण मी फुगून जायचो, खोटं कशाला सांगू?

यंदा त्यांची बहीण बबिता मला घेऊन आली. पुन्हा अ-१. मग तिच्याच वर्गातल्या ममताने पाटावर मातीचा तांडा आणून ठेवला. त्यातल्या विहिरीवर काडीचं चाक होतं, दोरा ओढला की बुचाची बादली वर यायची. गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोणं करून देल्लं तुले हे?"

"याडीनं माती आणून देल्ली. बाकी मीनंच केलं, गुर्जी."

"एवढं तुले जमते?"

आईचं नाव घेतलं आणि पोरगी फसली. नोंदवहीत तिच्यापुढची जागा कोरी राहिली. तिचे डोळे भरले. मला मात्र मनातून बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिला समोर बसवून विहीर पुन्हा करायला लावली. ती दोनदा ढासळली. ममताने मातीत भुसा मिसळला, तेव्हा कुठे भिंत उभी राहिली. गुरुजींनी कोऱ्या जागेत अ-१ लिहिलं. ममता हात पुसत म्हणाली, "गुर्जी, बबिताले काहून नाही विचारलं?"

गुरुजींनी मला पहिल्यांदाच हातात घेतलं. बबिताच्या नावाची चिठ्ठी सोलली, तर खाली संजयची निघाली, तिच्याखाली राजकुमारची. सगळीकडे त्यांचीच लाल सही.

"चूक माही आहे," ते म्हणाले. "बबिता, उद्या तू माती घेऊन ये."

आता मी कपाटावर धूळ खातो, आणि त्याचं दुःख होतं. तरी मित्रांनो, संशय घ्यायचाच तर आधी माझ्यासारख्या चकचकीत मालावर घ्या. आणि ज्या पोरीवर घ्याल, तिचं ऐकून घ्यायला तिच्यासमोर बसा. मी तीन पोरांना अ-१ मिळवून दिलं. त्यांतल्या एकालाही विहीर बांधता येत नाही.