टोरांटोची पश्चिम

झुबेदाभाभींना ग्रीनलँड पहिल्यापासून पटला नाही. जगाच्या नकाशाचा तो ऑनलाइन खेळ मीच त्यांच्या फोनवर उघडून दिला होता. वर देशाचे नाव येते, खालच्या नकाशात तो देश बोटाने दाबायचा. बरोबर असेल तर हिरवा होतो, चुकला तर लाल.

"एवढा मोठा देश, आन् टीव्हीवर कवा नाव न्हाई त्याचं?" त्यांनी विचारले.

"तो एवढा मोठा नाही, भाभी. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचे देश ताणले जातात. असे डझनभर ग्रीनलँड आफ्रिकेत सहज मावतील."

"मग ल्हान काढायचा की."

भाभी आमच्या तासगावातल्या शेजारीण. त्यांचा मुलगा अफताब सहा वर्षांपासून टोरांटोत आहे. त्याची पत्नी फिरदोस बाळंत होणार होती. तिच्या साताऱ्याच्या आईला गुडघ्यांमुळे जाणे शक्य नव्हते, म्हणून सहा महिन्यांसाठी भाभींनी जायचे ठरले होते. त्यांचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास मिरजेच्या दर्ग्यापर्यंतचा. आपण जगात कुठून कुठे जाणार हे नकाशावर दिसले तर भीती कमी होईल, असा माझा तर्क होता. मी सांगलीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे. भीती हा माहितीचा अभाव असतो, असे मी तेव्हा मानत होते.

महिनाभरात भाभींना कॅनडा, इजिप्त, तुर्कस्तान न अडखळता सापडू लागले. त्यांचे पती रसूलभाई बेदाण्याचे व्यापारी. ते मला अंगणातूनच ऐकवत, "मॅडम, काल आमटीत मीठ न्हवतं. इचारलं तर म्हणती, थांबा, बल्गेरिया सापडंना झालाय."

"सापडला की नंतर," भाभी आतून म्हणत. "मीठ पन टाकलं."

मग एके दिवशी त्या सकाळीच माझ्याकडे आल्या. आदल्या संध्याकाळी अफताबने व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासाठी लावलेली खोली दाखवली होती. नमाजाची चटई त्याने ईशान्येकडे तोंड येईल अशी अंथरली होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नमाज मक्केकडे तोंड करून पढतात, आणि मक्का पश्चिमेला, हे तासगावात कोणी कोणाला शिकवत नाही. या घरात तर पश्चिम हा शब्दही लागत नसे. अंगणाच्या त्या बाजूला बेदाण्याचे शेड आहे, आणि नमाजाला उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला एवढेच सांगितले जाई: शेडकडं तोंड करा. भाभींनी अफताबला पश्चिमेच्या खिडकीची खोली मागितली होती.

"सहा वर्सं पोरगं पश्चिमेला पाठ करून नमाज पडतंय," त्या म्हणाल्या. "एवढं इसरलं, तर बाकी काय ध्यानात ठिवलं आसंल? तुमी नकाशात बघून सांगा. तो चुकला आसंल तर मी न्हाई जात. तिकीट ऱ्हाऊ दे तिकडं."

मी फोनवर नकाशा उघडला. टोरांटो डावीकडे, मक्का उजवीकडे.

"पश्चिम नाही, भाभी. तिथून मक्का पूर्वेला येते."

"आपली पश्चिम ती त्याची पूर्व?"

"मक्केपुरती, हो."

"आन् सूर्य?"

"सूर्य तिथेही पूर्वेलाच उगवतो."

मी एका पोस्टकार्डाची कड पडद्यावर धरली. टोरांटोपासून निघालेली कड उजवीकडे जात खाली उतरत होती. पूर्व, किंचित आग्नेयेकडे झुकलेली. ईशान्येचा प्रश्नच नव्हता.

"अफताब चुकतोय," मी म्हणाले.

भाभींनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"अम्मी, इथली अख्खी मशीद त्याच बाजूला तोंड करून आहे," अफताब म्हणाला. "तुझ्या मॅडमसाठी ती फिरवून घेऊ का?" मग थांबून, हळू आवाजात, "यायचं नसलं तर सरळ तसं सांग."

फोन बंद झाला. भाभी घरी गेल्या. थोड्या वेळाने मी डोकावले, तेव्हा फिरदोससाठी बांधलेल्या बेदाण्याच्या पुड्या त्या बॅगेतून काढून फळीवर ठेवत होत्या. रसूलभाईंनी त्या दिवशी चेष्टा केली नाही.

मी अस्वस्थ झाले. अख्खी मशीद चुकू शकते. बहुमत हा पुरावा नव्हे. पण पोस्टकार्ड हाही पुरावा नव्हे, आणि ज्या नकाशाला ग्रीनलँडच्या बाबतीत मी स्वतः खोटे पाडले होते, त्याच्यावरच मी रेघ ओढली होती. दुपारच्या एसटीने सांगलीला जाऊन मी एक पृथ्वीगोल आणला आणि टोरांटोपासून मक्केपर्यंत दोरा ताणला. दोरा ईशान्येला निघाला, अटलांटिकच्या उत्तर भागातून वळला, फ्रान्स, ग्रीस, इजिप्त करीत खाली आला. आग्नेयेकडून नेऊन पाहिला, तर लांबी पुरेना. गोलावर दोन ठिकाणांमधली सरळ वाट अशीच असते. हे मी वर्गात शिकवले होते. तरी डोळ्यांना ते पटत नव्हते; दोरा सोडून मी पुन्हा पुन्हा ताणत राहिले.

संध्याकाळी गोल घेऊन मी त्यांच्या अंगणात गेले.

"ह्यो तर वर चाललाय," भाभी म्हणाल्या.

"वर नाही. सरळ."

"सरळ वर?"

"नुसता सरळ. अफताब बरोबर आहे. चूक माझी."

"मग खेळातला नकाशा खोटा?"

"खोटा नाही."

"म्हंजे खरा?"

"तसा पूर्ण खराही नाही."

"आवं, काय तरी एक धरा की, मॅडम."

रसूलभाई पुढे सरकले. "तासगावचं लावा बघू."

हे कोणी विचारू नये, अशी माझी इच्छा होती. मी दोरा लावला. तो पश्चिमेला गेला, पण जरा उत्तरेला सरकून. रसूलभाईंनी तिरक्या हाताने दिशा धरली. ती शेड सोडून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर पडत होती.

"म्हंजे लग्न झाल्यापास्नं आपुन टाकीऐवजी शेडकडं..." ते म्हणाले.

"त्या अंगाला तोंड हाय न्हवं?" भाभी त्यांच्यावर खेकसल्या. "तेवढ्याला अल्ला काय मोजपट्टी घिऊन बसलाय व्हय?"

बोलून झाल्यावर त्यांनी एकदा शेडकडे आणि एकदा गोलावरच्या दोऱ्याकडे पाहिले. मग त्यांनी फोन उचलला. टोरांटोत सकाळ झालेली असणार.

"अफताब, खोली तीच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चटई हलवू नगंस. मी आल्यावर एकदा हाताला धरून उभी कर, म्हंजे झालं." पलीकडून तो काही म्हणाला. "व्हय, मॅडम हितंच हायत. त्यास्नी आता काय बोलू नगंस, गोल घिऊन आल्यात बिचाऱ्या."

त्यांनी फळीवरच्या पुड्या पुन्हा बॅगेत भरल्या. निघताना मी विचारले, "दोऱ्याचे कळले ना, भाभी?"

"काय बी कळलं न्हाई. पोरगं बरोबर हाय, तेवढं कळलं."

मला दोऱ्याचे सगळे कळले होते. तरीही घरी येऊन मी खेळ उघडला, नकाशावर टोरांटोपासून मक्केपर्यंत नजर नेली, आणि ती पुन्हा खालीच उतरत गेली.