खंडेनवमीचं कुंकू

भट्टीचा काटा लाल रेघ ओलांडून वर निघाला होता आणि म्हातारी निवांत पाळीचा अहवाल छापत बसली होती. कारभारीमामांनी धावत जाऊन भट्टीचा मोठा खटका खाली ओढला. प्रिंटरनं मात्र हातातली ओळ पुरी केली, वर आणखी एक छापली, आणि मगच तो गप्प झाला.

म्हातारी म्हणजे वाळूजच्या त्या कारखान्यातला जुना मिनीकॉम्प्युटर. कपाटाएवढा थोराड. गिअर कडक करायची भट्टी त्याच्याच हुकमतीखाली. इतका जुना, की त्याचे सुटे भाग आता बाजारात मिळत नसत, फक्त गोष्टींत मिळत. आणि गोष्टींचा साठा मामांकडे. म्हातारी पहिल्यांदा आली तेव्हा हर्सूलच्या तळ्यापाशी ट्रकचा पाटा तुटला, तर हिनं स्वतः खाली उतरून ट्रक ढकलला, असं ते शपथेवर सांगत. कुणी शंका काढलीच, तर कुठल्या बाजूनं ढकलला तेही सांगत.

मामा अजिंठ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. निवृत्त होऊनही या एका यंत्रापायी त्यांना ठेवून घेतलं होतं. ते रोज बजाजनगरातून चालत येत, म्हातारीच्या झाकणावर हात ठेवत आणि मगच चहा पीत.

मालकांचा मुलगा शिवराज येऊन काटा बघून गेला. नवं पॅनेल खोक्यात तयार होतं. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर दिवाळीचा माल म्हातारीवर काढायचा, नाही तर भंगारवाल्याला बोलवायचं, असं तो शांतपणे सांगून गेला. म्हातारी गेली की मामांनी यायचं कशाला, हे त्यानं सांगितलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती.

नवं पॅनेल बसवायला आलेली सायली हुशार पोरगी. तिनं थोडा वेळ बघितलं आणि नेमकं बोट ठेवलं. "काका, छापत असताना हिला भट्टीचं ऐकूच येत नाही. छापणं थांबलं की येतं."

"पाण्याच्या डोणीवर मेंढरं सोडल्यावानी हाय बघ ते," मामा म्हणाले. "समदीच एकदम वराडत्यात. पर गाभण मेंढी आधी प्यायला पायजे. इथं बी तसंच. जे कार्ड मेंदूच्या जवळच्या खाचंत, त्याची हाक आधी. त्याचं झालं की मागल्याची."

"मग भट्टीचं कार्ड पहिलं हवं."

"पहिलंच हाय. म्याच बसवलंय."

सायली मीटर आणायला गेली. मामांनी वीज बंद केली आणि पहिल्या कार्डाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

भट्टीचं कार्ड आणि प्रिंटरचं कार्ड जुळ्या भावांसारखी. ओळखायला म्हणून मामांनी फार वर्षांपूर्वी भट्टीच्या कार्डाच्या मुठीवर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. दर खंडेनवमीला ते सगळी कार्डं काढत, ब्रशनं झाडत, परत बसवत, आणि मग कपाटाला हळदकुंकू वाहत. यंदा, परवाच, कार्डं टेबलावर असताना सुदर्शननं, भट्टीवरच्या ऑपरेटरनं, भक्तिभावानं एकेका मुठीला कुंकू लावलं. मामांचं लक्ष नव्हतं. ते तेव्हा गोष्टीतला ट्रक ढकलत होते. मग लाल मूठ बघून हाताला आलं ते कार्ड त्यांनी पहिल्या खाचेत सारलं, अन् ते निघालं प्रिंटरचं.

सुदर्शन शेजारीच उभा होता. मामांचा अंगठा बघून त्याचा चेहरा उतरला. तो कंत्राटावरचा माणूस, एवढ्याशा चुकीला घरी बसला असता.

तेवढ्यात सायलीच्या मागोमाग शिवराज आत आला. "काय काका, कार्ड मेलं ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. जुनं यंत्र होतं, मेलं. कुणाला बोल लागला नसता. सुदर्शनकडे बोट केलं असतं तर म्हातारीही राहिली असती आणि मामाही. सुदर्शन काही बोलणार, तोच मामांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"कार्ड ठणठणीत हाय, मालक. म्हातारी बी. म्याच कार्डं उलटसुलट बसवली." त्यांनी लाल अंगठा पुढं केला. "रंग कोंचा आन कुंकू कोंचं, ते आता दिसंना मला."

मामांनी गोष्टीला शेपूट लावलं नाही, असं त्या कारखान्यात कधी घडलं नव्हतं.

"मग कार्डं सायली बसवील," शिवराज म्हणाला. "यापुढं तुम्ही हात लावू नका, काका. दिवाळीपर्यंत या, बसून तिला सांगा."

"व्हय," मामा म्हणाले.

सायलीनं कार्डांची अदलाबदल केली. वीज आली. तिनं भट्टी तापवली आणि मुद्दाम लांबलचक अहवाल छापायला लावला. प्रिंटर धडाक्यात निघाला, अर्ध्या ओळीत अडखळला, थांबला, पुन्हा चालू झाला. काटा रेघेच्या खाली जागच्या जागी राहिला. सुदर्शननं डोळे पुसले आणि भट्टीच्या धगीला दोष दिला.

सायली झाकण बसवू लागली. एक स्क्रू आडवा जात होता. मामांना तो दिसला नाही, आवाजावरून कळला. त्यांचा हात पुढं झाला. मग दुसऱ्याच्या शेतात पीक बघायला उभं राहावं, तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि तिचं होईपर्यंत तसेच उभे राहिले.