झोपेच्या कठड्यावरून

झोप आली आली म्हणेतो पायाखालचं सगळं निसटायचं. पलंग नाही, गादी नाही, जमीन नाही. नुसती पोकळी. अंगाला एक हिसका बसायचा, पाय झाडले जायचे आणि वहिनी खाडकन जागी व्हायची. दोन्ही मुठी आवळलेल्या. मुठींत चादरीचा बोळा.

सगळे तिला वहिनीच म्हणत. सुरुवात धाकट्या दिरानं केली, मग रंगाच्या दुकानदारानं उचललं, मग इमारतींच्या चौकीदारांनी. नवरा उंच भिंतींचा रंगारी. गच्चीवरून दोर सोडायचा, दोराला फळी बांधायची आणि फळीवर बसून वरून खाली भिंत रंगवत यायचं. वर गच्चीत, दोरापाशी, वहिनी. भार पेलायचा तो लोखंडी खांबानं, दोराचे वेढे त्याच्या अंगाभोवती. वहिनीनं फक्त सोडायचं आणि धरायचं. फक्त म्हणायला फक्त. त्या सोडण्या-धरण्यात एक संसार लोंबकळत असायचा.

फळीवरच्या माणसाला वरचं काही दिसत नाही. समोर भिंत दिसते, आणि खाली दिसतं ते बघायचं नसतं. म्हणून सरकण्याआधी दर वेळी त्यानं विचारायचं, "आहेस?" आणि तिनं वरून म्हणायचं, "आहे!" तो शब्द कानावर पडल्याशिवाय हलायचं नाही. आणि शब्द वाऱ्यानं खाल्ला तर? तर तळहात भिंतीला टेकवायचा आणि थांबायचं. फळी डोलायची थांबते, तसं मनही थांबतं. मग पुन्हा विचारायचं.

काम रंगात आलं की वहिनी वरून गुणगुणायची. तिचीच जुळवणी, तिचीच चाल:

वाऱ्या, हळू वाहा, हाती माझ्या दोर गं,
खाली टांगलेला माझ्या जिवाचा चोर गं.

"चोर म्हणतेस आणि सोडतही नाहीस!" खालून आवाज यायचा.

असा तो रंगारी भिंतीवरून एकदाही पडला नाही. अंथरुणात मात्र रोज पडायचा. डोळा लागला की अंगाला हिसका, आणि पुटपुटणं, "आहेस?" शेजारून वहिनी अर्धवट झोपेतच म्हणायची, "आहे." लगेच घोरणं सुरू. सकाळी तो म्हणायचा, "दिवसा धरतेस, रात्रीही धरतेस. थकत नाहीस?"

"रात्रपाळीचे वेगळे द्या, मग सांगते."

गेल्या थंडीत त्याची छाती भरली. आयुष्यभर आभाळात लोंबकळलेला माणूस दवाखान्याच्या पलंगावर गेला, जमिनीपासून हातभर उंचीवर. त्याचे सदरे दिराला बसले, ब्रश दिराच्या कामाला आले, फळीवरही आता दीरच बसायचा. नवऱ्याचं ते झोपेतलं पडणं तेवढं मागे राहिलं. ते कुणाला द्यायचं? ते वहिनीच्या वाट्याला आलं.

"आई, सगळ्यांनाच होतं ते," लेक फोनवर म्हणाली. ती दूर, तिच्या संसारात. "झोप लागताना अंग सैलावतं आणि मेंदूला वाटतं आपण पडलो. एवढंच. संध्याकाळचा चहा बंद कर बघू."

"चहा बंद केला तर संध्याकाळी करू काय?"

लेक हसली. फोन ठेवण्याआधी दोघींनी दोनदा "ठेवते हं" म्हटलं.

वहिनी झोपेला टाळू लागली. भांडी पुन्हा घासायची, घडी मोडून पुन्हा घालायची, खुर्चीत बसून राहायची. झोप दारात उभी, आणि हिची तिला आत घ्यायची हिंमत नाही. पडण्याला ती भीत नव्हती. पडून जागं झाल्यावर जी खोली असायची, ती तिला नको व्हायची. पंखा फिरतोय, नळ ठिबकतोय, आणि कुणी "आहे" म्हणत नाही.

आणि मग ती दुपार. सुट्टीमुळे ओस पडलेल्या एका शाळेची मागची भिंत रंगवायची होती. ऊन उबदार, कठडा पाठीला छान लागत होता. वहिनी कधी बसायची नाही. त्या दिवशी टेकली. हातात दोर होता, वेढे नीट होते. डोळ्यांवर कधी साय धरली, कळलंच नाही.

आणि ती पडली.

शिकलेले हात होते, त्यांनी शिकलेलं केलं. सगळ्या अंगाचा जोर लावून त्यांनी दोर खेचला. खाली फळीला धक्का बसला, रंगाचा डबा सुटला आणि अंगणात पिवळा सडा पडला. तेवढ्यावर भागलं असतं. पण कठड्याला बिलगून वहिनी ओरडली, "आहात का?"

वरच्यानं हे विचारायचं नसतं. इतक्या वर्षांत तो प्रश्न कधी वरून खाली गेला नव्हता. ब्रश हातात धरून दीर हवेत तसाच लोंबकळत राहिला.

"आहे, वहिनी!" शेवटी तो म्हणाला. "पण तू आहेस का?"

तो जिन्यानं वर आला तेव्हा त्याच्या पापणीवर पिवळा थेंब होता. चिडायचं ठरवूनच आला असावा. पण तिचा चेहरा पाहून ते तोंडातच राहिलं.

"डोळा लागला, भाऊजी."

"किती दिवस झोपली नाहीस?"

"थंडीपासून." तिनं दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. "हा घ्या. माझ्या हाती नको आता."

वेडी का खुळी, असं काहीतरी तो म्हणेल, दोर परत देईल, असं तिला वाटत होतं. दीर दोराकडे बघत राहिला.

"पोरी लहान आहेत गं माझ्या," तो एवढंच बोलला.

"म्हणून तर म्हणते."

खाली उतरताना तिला जिन्याची प्रत्येक पायरी मोठी वाटली. नवरा गेला तेव्हा लोक आले होते, बसले होते, रडले होते. दोर गेला त्याला कुणी भेटायला आलं नाही.

नंतर रिकामे हात. भाजी निवडून संपायची, हात उरायचे. कपडे वाळत घालताना दोरी हाताला लागली की ती ताण बघायची, उगाच.

दीर एकदा डोकावला. दारातच वहाणा काढत कुरकुरला, "नवा माणूस ठेवलाय. 'आहेस?' म्हटलं की 'हो हो' म्हणतो. अरे, एक हो पुरे! दुसरा हो ऐकला की वाटतं, हा फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलतोय."

वहिनी हसली. हसताना लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांनी आपण हसतोय.

"झोप लागते का?"

"बाजारातून आणायची असती तर पिशवी घेऊन गेले असते."

दिरानं चहा संपवला. मग म्हणाला, "सकाळी शाळेच्या गच्चीवर ये. धरायला नाही. बसायला."

"फळीवर? मी? आणि मेले म्हणजे?"

"तर तुझ्या हातचा चहा बंद होईल, म्हणून नीट धरीन. आयुष्यभर धरलंस. एकदा टांगून घेऊन बघ."

सकाळी तिनं नवऱ्याची जुनी विजार चढवली, पट्टा आवळला आणि कठडा ओलांडला. असल्याच कठड्यांवरून तिनं नवऱ्याला रोज खाली सोडलं होतं, पण कठडा मागून एवढा उंच दिसतो, हे तिला माहीत नव्हतं. फळी हळूहळू उतरली. रंगवायची राहिलेली बाजूची भिंत नाकासमोर आली. नव्या रंगासाठी ती खरवडली होती, आणि खरवडलेल्यातून एका जागी जुना निळा डोकावत होता. फार पूर्वी ही शाळा त्यांनीच रंगवली होती. तो निळा नवऱ्याच्या हातचा.

वारा सुटला. फळी एका अंगाला झुकली.

"भाऊजी, आहात का?"

काही आलं नाही. वर बघितलं तर आभाळाची एक पट्टी. पायांखाली तीच पोकळी, झोपेतली. तिला ओरडावंसं वाटलं, आणि मग आठवलं. तिनं तळहात उचलला आणि त्या निळ्यावर टेकवला. भिंत गार होती, खरखरीत होती, आणि कुठे जात नव्हती. फळी डोलायची थांबली. कंबरेपाशी दोर ताठ होता. म्हणजे शब्द आला नव्हता तेव्हाही तो ताठच होता की!

"आहे!" वरून आवाज आला. भावाभावांचा आवाज किती सारखा, हे वर उभं राहून तिला कधी जाणवलं नव्हतं. ती रडली. भिंतीकडे तोंड असलं की रडायला बरं असतं.

रोज किती सहज टाकायची ती हा शब्द खाली, बोलता बोलता, गुणगुणता गुणगुणता. आणि खाली तो असा झेलायचा.

दुपारी घरी येऊन ती आडवी झाली. या वेळी त्याच्या बाजूला, भिंतीकडे. झोप आली, उंबऱ्याशी थांबली, आणि ठरल्याप्रमाणे ढकललंच तिनं वहिनीला. हिसका बसला.

"आहात का?"

पंखा फिरत होता. नळ ठिबकत होता. कुणी काही म्हटलं नाही, म्हणणार नव्हतंच. वहिनीनं तळहात भिंतीला लावला आणि थांबली. पलंग डोलायचा थांबला. आता पुन्हा विचारायचं, ती मनाशी म्हणाली. पण पुन्हा विचारायच्या आत ती उतरत गेली, हळूहळू, मजला मजला.

कुठून तरी, फार वरून, हाक आली. "वहिनी, आहेस?"

"आहे," ती झोपेतच म्हणाली आणि कुशीवर वळली.

जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळचं पिवळं ऊन होतं. गालावर उशीचा वळ. तिनं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्याशी दोराचं वेटोळं ठेवलेलं होतं, नीट, तिनंच शिकवल्यासारखं गुंडाळलेलं.

तिनं ते उचललं. जड होतं. आत आणून तिनं ते पलंगावर ठेवलं, स्वतःच्या रिकाम्या बाजूला, आणि एकटीपुरता चहा टाकला.